ताप आला म्हणजे लस लागली

मी नर्स. सरकारी कागदावर ए.एन.एम., आणि तलासरीच्या पाड्यांवर नुसती सिस्टरबाय. सव्वीस वर्षं तिकडच्या उपकेंद्रात काढली, निवृत्त झाले, डहाणूजवळ मसोलीतल्या घरी येऊन जरा पाय पसरले, तोवर करोना आला. नोकरीचं आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे घडलं ते काही न कळणाऱ्या बाईच्या हातून घडलेलं नाही. ते शिकलेल्या, अनुभवी आणि स्वतःच्या शहाणपणावर भारी भरवसा असलेल्या बाईच्या हातून घडलं. धीर हवा म्हणून कुणी हे वाचायला घेतलं असेल तर इथे तो थोडाच मिळेल. पण माझी चूक तेवढी वाचून ठेवा.

ठरलेलं वाक्य

महिन्यातून एकदा पाड्यावर लसीकरणाचा दिवस असायचा. खांद्याला लसीचा डबा अडकवून चालत जायचं, अंगणवाडीच्या ओट्यावर बसायचं. पोर कोकलायचं, आई कावरीबावरी व्हायची. “ताप येल का गं बाय?” या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. “येऊ दे की. ताप आला म्हणजे लस लागली.”

बाया शांत व्हायच्या. तेवढ्यासाठीच ते वाक्य होतं. एकदा लखमी, जिची चारही बाळंतपणं मी केली, तिसऱ्या पोराला पाठीला बांधून दोन टेकड्या चढून उपकेंद्रात आली आणि म्हणाली, “बाय, याला ताप नाय आला. तुजी सुई फुकट गेली. परत टोच.” मी पोट धरून हसले. “अगं येडे, ताप नाही आला तरी लस लागते. आणि ताप काय, कशानेही येतो.” म्हणजे मला माहीत होतं. लखमीला समजावण्याइतकं चांगलं माहीत होतं.

माझा हात

लस सगळ्यांसाठी निघायच्या आधीच्या हिवाळ्यात मला एका जुन्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नव्या लशीची चाचणी चालू होती आणि साठीच्या आसपासची निरोगी माणसं हवी होती. “याल का सिस्टर?”

मी ह्यांना विचारलं. हे म्हणजे माझे मिस्टर. डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. प्रत्येक लॉटमधला एक फुगा तोंडाने फुगवून बघायचा हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. मशीन आलं तरी सोडला नाही. मला घरात नावाने कधी हाक मारली नाही, ‘सिस्टर’च म्हणायचे, चिडवायला. माझं ऐकून म्हणाले, “म्हणजे सिस्टर, तू त्यांच्या लॉटमधला फुगा होणार.”

“फुटले तर?”

“फुटलीस तर लॉट परत पाठवू.”

मी हो म्हटलं. कारण सांगते. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांचे दंड पकडले. त्या प्रत्येक लशीसाठी कुठेतरी कुणीतरी पहिल्यांदा बाही वर केली असणार ना? मला वाटलं, एकदा आपला नंबर लावावा.

गाड्या साध्या माणसांसाठी बंद होत्या. शेजाऱ्यांचा चिकूचा टेम्पो रोज मुंबईला जायचा, त्यात पुढे बसून गेले. तिथे एका बाईंनी तासभर बसवून सगळं समजावलं, कागद वाचून दाखवला, सह्या घेतल्या. काही जणांना खरी लस मिळणार, काही जणांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते टोचून घेणाऱ्याला ठाऊक नाही, टोचणाऱ्यालाही नाही. शेवटी दोन्ही बाजूंच्या आजारी माणसांची तुलना करायची, तेव्हा कळणार लस चालते की नाही. “म्हणून ताई, स्वतःला सुरक्षित समजू नका. मास्क, अंतर, सगळं तसंच ठेवा.” मी मान डोलावली. मनात म्हटलं, ही पोरगी मला शिकवतेय.

घरी येताना एक थर्मामीटर आणि एक छोटी वही दिली होती. रोज ताप लिहायचा, दंड सुजला तर मापून लिहायचं. दुसऱ्या संध्याकाळी अंग मोडून आलं. थर्मामीटर लावला, शंभर. दंडही ठणकत होता. तुम्हाला काय सांगू, मला आनंद झाला! स्वयंपाकघरातून ओरडले, “अहो, ताप आला! खरी मिळाली हो मला!”

हे म्हणाले, “पेढे आणू?”

टेम्पोच्या खिडकीत दिवसभर वारं खाल्लं होतं, हे वहीत लिहायचं मला सुचलं नाही.

लस झालेली बाई

त्या दिवसापासून मी बदलले. दाखवलं नाही, पण बदलले. आधी बाहेरून आलं की मागच्या दाराने न्हाणीघरात जायचे, कपडे भिजवायचे, मगच घरात. ह्यांना साखर होती, म्हणून आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपायचो. हळूहळू सगळं सुटलं. वेगळं अंथरूण मीच गुंडाळून माळ्यावर टाकलं.

मार्चमध्ये चाचणीवाल्या बाईंचा फोन आला. आता तुमच्या वयाच्या लोकांना सरकारी लस मिळायला लागेल. तुम्हाला हवं असेल तर तुम्हाला काय मिळालं ते उघडून सांगतो, पाणी असेल तर खरी लस देतो. काय करू या?

मी म्हणाले, “मॅडम, मला ठाऊक आहे मला काय मिळालंय. तुमचा अभ्यास बिघडवू नका.”

केवढी ऐट ती!

ह्यांचाही नंबर त्याच सुमारास लागला होता, साखरेमुळे. सकाळी आधार कार्ड खिशात घालून, चप्पल घालून दारात उभे होते. मीच अडवलं. “आज काय मरायला जाताय? तिथे ही गर्दी, रांगेतच करोना घेऊन याल. महिनाभराने जा. घरात मी आहे ना लस झालेली, तुम्हाला कोण आणून देणार?” ह्यांनी निमूट चप्पल काढली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. औषधपाण्याच्या बाबतीत या माणसाने माझा शब्द कधी मोडला नव्हता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी जवळच्या आगर गावात ओळखीच्यांकडे हळद होती. मी गेले. मास्क पर्समध्ये. बाया म्हणाल्या, “सिस्टर, भीती नाही वाटत?” मी म्हणाले, “मला काय होतंय!” दोन्ही गालांना हळद लावून घेतली, पंगतीत जेवले.

करपलेले बोंबील

हळदीनंतर पाचव्या दिवशी दुपारी मी तव्यावर सुके बोंबील भाजत होते. हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, “सिस्टर, काहीतरी करपतंय!” मी तव्याकडे पाहिलं. धूर होता, बोंबील काळे झाले होते आणि मला वास नव्हता. तव्यावर वाकले. तरी नाही. सुक्या बोंबलाचा वास चार घरं पलीकडे जातो, तो मला येईना.

निदानाचा दिवस म्हणतात तो हाच. रिपोर्ट नंतर आला. मला तिथेच कळलं होतं. तरी बाहेर येऊन काय म्हणाले? “सर्दी आहे जराशी.” आणि आठवडाभर तपासणीला गेले नाही. लस झालेल्या बाईला करोना कसा होईल? आठव्या दिवशी हे जेवता जेवता थांबले. घास हातात, आणि दम लागलेला. मी बोटाला मशीन लावलं. माझा ऑक्सिजन एक्क्याण्णव होता, त्यांचा शहाऐंशी.

पडदा

हायवेच्या बाजूला एका शाळेच्या सभागृहात केंद्र उघडलं होतं. मध्ये हिरवा पडदा, इकडे बायका, तिकडे पुरुष. आमची पोरगी वैशाली, आमची वैशू, नाशिकला. तिची मुलगी लहान. तिला येऊ दिलं नसतं आणि मीही येऊ दिलं नसतं.

ज्यांना दाखल व्हावं लागेल त्यांना चार गोष्टी सांगते. पालथं झोपायला सांगतील, कंटाळा करू नका. अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं सगळी सारखी दिसतात, पण पाठीवर मार्करने नाव लिहिलेलं असतं. नावाने हाक मारा, त्यांनाही बरं वाटतं. रडायचं असेल तर जेवणाआधी रडा, नंतर रडलं की ओकारी येते. शेजारची खाट सकाळी रिकामी दिसली तर लगेच विचारू नका.

तिथल्या सफाईच्या मावशी माझ्यावर फार उपकार करून गेल्या. झाडू मारत मारत पडद्यापलीकडे जायच्या आणि परत येताना हळूच सांगायच्या, “तुमच्या मिस्टरांनी चहा घेतला हां, बिस्कीट नाही घेतलं.” दिवसातून तीन वेळा. मी त्या बातमीची वाट बघत पालथी पडून असायचे. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींनी डॉक्टरांना विचारून मला पडद्यापलीकडे नेलं. हे ऑक्सिजनचा मास्क लावून बसले होते. ओठ सुकलेले. मला बघून डोळ्यांनी हसले. थांबत थांबत म्हणाले, “सिस्टर, तुला पाणी दिलं होतं गं त्यांनी.”

ही गोष्ट त्यांना माझ्या आधी कळली होती. मी म्हणाले, “मी तुम्हाला दारातून परत फिरवलं हो.”

“वैशूला सांगू नको ते. तुला फाडून खाईल.” श्वास घेतला. “सांग, बाबांनीच आळस केला. मी आळशी आहेच की.”

“असं नका बोलू.”

“बोलतो. मला ओरडली तर मी ऐकून घेईन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. स्ट्रेचर पडद्याच्या कडेने गेलं. त्यांनी हात वर केला, मीही केला. माझ्या नाकात नळी होती, नळीच्या लांबीपेक्षा पुढे जाता येत नव्हतं.

चार दिवसांनी सकाळी डॉक्टर माझ्या खाटेशी येऊन बसले. ते बसले तेव्हाच मी समजले. त्यांनी सांगितलं, मी म्हणाले, “बरं.” सव्वीस वर्षांची सवय. समोरच्याला त्रास नको म्हणून नर्स आधी ‘बरं’ म्हणते. पालथी वळले आणि उशीत तोंड खुपसून गुरासारखी रडले. ह्यांना मी शेवटचं पाहिलं नाही. कुणीच नाही पाहिलं.

कपाटातला फोटो

घरी सोडताना फुफ्फुसांच्या व्यायामासाठी रोज फुगे फुगवा म्हणाले. आमच्या घरात फुग्यांना काय तोटा! ह्यांच्या टेबलाचा खण भरलेला होता. पहिल्या दिवशी एक लाल फुगा तोंडाला लावला. लिंबाएवढाही झाला नाही. तसाच धरून बसले होते.

वैशू आली, तेराव्यापर्यंत राहिली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायची. “त्या प्रयोगाच्या सुईने झालं सगळं. आईला सुईतून आजार दिला, आईचा बाबांना लागला. माणसांवर प्रयोग करतात मेले.” मी तिथेच बसलेली असायचे. एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. खोटं आहे हे मला माहीत होतं. त्या सुईत आजार नव्हताच. पण वैशू सुईला शिव्या द्यायची तेवढा वेळ मला कुणी काही विचारत नव्हतं. आणि ह्यांनीच सांगू नको म्हटलं होतं ना? त्यांच्या शब्दाचं पांघरूण घेऊन मी बसून राहिले.

तलासरीहून लखमी आली होती, नाचणीचं पीठ घेऊन. तिने वैशूचं बोलणं ऐकलं. जाताना माझे हात धरून म्हणाली, “सुईनंच नेला ना बाय, दादाला?” मी मान खाली घातली. तिला वाटलं, हो.

वैशूने जाताना ह्यांचा फ्रेम केलेला फोटो नेला. पुढे एकदा नात फोनवर बोलता बोलता म्हणाली, “आजी, आईने आजोबांना कपाटात ठेवलंय.” मला वाटलं, बघवत नसेल पोरीला.

मधे चाचणीवाल्या बाईंचा फोन आला. माझा कागद उघडला होता. मिठाचं पाणी. मग मला तेव्हा ताप का आला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांनाही येतो कधी कधी, साध्या सर्दीनेही येतो. नेमकं हेच मी लखमीला सांगितलं होतं. त्या फार हळू बोलत होत्या. म्हणाल्या, “ताई, तुमच्या आजाराची नोंद अभ्यासात झाली आहे. पाणी मिळालेली माणसं आजारी पडतात आणि लस मिळालेली कमी पडतात, यावरूनच लस चालते हे कळतं. तुमचा वाटा मोठा आहे.”

“आणि माझे मिस्टर?”

“ते सहभागी नव्हते ना, ताई.”

खरंच होतं. त्यांनी कुठे सही केली नव्हती. पावसाळ्यात चाचणीवाल्यांनी मला बोलावून खरी लस दिली. त्या वेळी ताप आला नाही. हातसुद्धा दुखला नाही.

ओटा

पाऊस सरल्यावर माझ्या जागी आलेल्या तरुण नर्सचा फोन आला. रडकुंडीला आली होती. “मॅडम, तुमच्या पाड्यावर कुणी लस घेत नाही. आमची गाडी दिसली की लोक रानात पळतात. म्हणतात, सिस्टरबायचा नवरा सुईने मेला. बाय खोटं नाही बोलत.”

बाय खोटं नाही बोलत! फोन ठेवला. रात्रंदिवस ज्यांच्या घरी बाळंतपणं केली ती माणसं माझ्या एका गप्प बसण्यावर जीव टांगून बसली होती. मी न बोलता मान खाली घातली होती, आणि ती मान पाड्यावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी त्या नर्सला लसीच्या डब्यासकट सोबत घेऊन गेले. पूर्वी चढायचे ती टेकडी आता तीनदा बसून चढले. त्याच अंगणवाडीच्या ओट्यावर बसले. लखमी आली, मागून बाकीच्या बाया, मग पुरुष लांब उभे. मी सगळं सांगितलं. पाणी, ताप, आगरची हळद, दारातून परत फिरवलेला माणूस. म्हणाले, “सुईने नाही नेलं त्यांना. सुई मिळाली नाही म्हणून गेले. ती मी घेऊ दिली नाही.”

मग लखमी म्हणाली, “पण बाय, ताप आला म्हणजे लस लागली, हे तूच सांगायचीस.”

“हो गं. मीच सांगायचे. चुकीचं सांगायचे. तुम्ही रडू नये म्हणून सांगायचे, आणि शेवटी मीच खरं धरून बसले.”

लखमी ओट्यावर चढून बसली आणि बाही वर केली. तिच्यामागे सगळे आले असं नाही. काही आले, काही त्या दिवशीही रानात गेले.

फोन

पाड्यावर सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही, हे शोभणारं नव्हतं. घरी आले, चप्पल न काढता वैशूला फोन लावला. मधे तिला बोलू दिलं नाही, नाहीतर माझा धीर गेला असता. दारातलं सगळं सांगितलं. आधार कार्ड खिशात होतं तेही सांगितलं.

मी शिव्यांची वाट बघत होते.

“आई, बाबांनी वॉर्डातून मला फोन केला होता,” ती म्हणाली. “म्हणाले, आईने जा जा म्हटलं, मीच आळस केला. तिला बोलू नकोस.” तिचा आवाज फाटला. “मला ते खरं वाटलं गं. सहा महिने मी त्यांच्यावर रागावलेय. एवढं साधं काम होतं, रांगेत उभं राहायचं, तेवढं आमच्यासाठी केलं नाही म्हणून. गेलेल्या माणसावर राग आहे असं कुणाला सांगू? म्हणून त्या सुईच्या नावाने ओरडत होते.”

मग तिने फोन ठेवला. दिवाळीला आली नाही. मी बोलावलंही नाही.

माझ्यावरची शिक्षा मी ह्यांच्यावर ढकलली होती, तीही ते गेल्यावर. त्यांनी आपणहून घेतली हे खरं. पण मी ती घेऊ द्यायला नको होती. आजारपणाने माझ्याकडून बरंच नेलं, पण हे मात्र माझं मीच केलं होतं.

संक्रांतीनंतर वैशूचा फोन आला, तो थेट भांडायलाच. तू अशी का वागलीस, तुला फार कळतं असं कायम का वाटतं, मला लहानपणीही तू असंच करायचीस. अर्धा तास. मी ऐकून घेतलं. आठवड्याने पुन्हा. आता दर आठवड्याला येतो. आधी रागावते, मग जेवलीस का विचारते.

उन्हाळ्यात तिच्या घरी गेले. दार नातीने उघडलं. समोरच्या भिंतीवर ह्यांचा फोटो लावलेला होता, कपाळाला ताजं गंध. मी तशीच उंबऱ्यात उभी राहिले, पिशवी हातात.

आतून वैशू ओरडली, “आधी मागे जाऊन हातपाय धू, मग आत ये!”

मी मागे जाऊन हातपाय धुतले.